जिल व्हॅलेंटाइनला घेऊन स्पेन्सर मॅन्शनमधून जिवंत बाहेर कसं पडायचं

रेसिडेंट इव्हिल म्हटलं की आजकाल बहुतेक लोक चौथ्या भागापासून किंवा दुसऱ्या भागाच्या रिमेकपासून सुरुवात करतात, आणि मग कधीतरी सेलमध्ये पहिला भाग स्वस्तात दिसतो म्हणून घेतात, अर्धा तास खेळतात, कॅमेरा हलत नाही, गोळ्या संपल्या, झॉम्बी मरत नाहीत असं म्हणून अनइन्स्टॉल करतात. मला याचं खरंच वाईट वाटतं कारण सर्व्हायव्हल हॉररमध्ये जिल व्हॅलेंटाइनसारखी हिरोईन दुसरी नाही, आणि तिचा खरा कस बघायचा तर तो याच गेममध्ये. म्हणून हा लेख. पहिल्यांदा खेळणाऱ्यासाठी, जिल निवडून, सुरुवातीपासून शेवटपर्यंत काय करायचं आणि मुख्य म्हणजे काय करायचं नाही.

आपण बोलतोय त्या व्हर्जनबद्दल आधी सांगतो. मूळ गेम कॅपकॉमने १९९६ साली प्लेस्टेशनवर काढला, दिग्दर्शक शिंजी मिकामी. त्याच मिकामींनी २००२ मध्ये गेमक्यूबसाठी तो अख्खा नव्याने बनवला, आणि त्याचा एचडी रिमास्टर जानेवारी २०१५ मध्ये पीसी, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर आला, २०१९ मध्ये स्विचवर पण. आज तुम्ही डिजिटल स्टोअरवर विकत घ्याल तो हाच. जुना १९९६ चा गेम वेगळा आहे, खाली लिहिलेल्या बऱ्याच गोष्टी (जळलेली प्रेतं, खंजीर, लिसा) त्यात नाहीतच.

गोष्ट थोडक्यात अशी की २४ जुलै १९९८ च्या रात्री रॅकून सिटी पोलिसांची स्टार्स नावाची खास तुकडी, तिची अल्फा टीम, आर्कले डोंगरात हरवलेल्या ब्राव्हो टीमला शोधायला जाते. कुत्रे अंगावर येतात, जोसेफ मारला जातो, पायलट ब्रॅड घाबरून हेलिकॉप्टर घेऊन पळतो आणि उरलेले पळत पळत एका हवेलीत शिरतात, तीच ही स्पेन्सर मॅन्शन. जिल, बॅरी आणि कॅप्टन वेस्कर. बाकी कथा तुम्ही स्वतः बघा, जिथे स्पॉयलर दिल्याशिवाय टिप देताच येत नाही तिथे मी आधी सांगेन.

जिलच का, ख्रिस का नाही

गेम सुरुवातीला जिल किंवा अल्फा टीममधलाच ख्रिस, दोघांपैकी एक निवडायला सांगतो. ख्रिसची तब्येत जास्त, तो मार जास्त खातो. जिल दोन-तीन चाव्यांत डेंजरमध्ये (तब्येतीची शेवटची, लाल पातळी; त्याआधीची पिवळी म्हणजे कॉशन) जाते. हे वाचून लोक ख्रिस घेतात आणि तिथेच फसतात, कारण ख्रिसला सामानाचे ६ स्लॉट आहेत आणि जिलला ८. या गेममध्ये दोन स्लॉट म्हणजे प्रचंड मोठी गोष्ट आहे. शिवाय जिलकडे लॉकपिक असतं, साधी कुलपं आणि ड्रॉवर ती तशीच उघडते, ख्रिसला त्यासाठी जुन्या किल्ल्या शोधत फिरावं लागतं. ग्रेनेड लाँचर फक्त जिललाच मिळतो. आणि पियानोवर मूनलाइट सोनाटा ती स्वतः वाजवते, ख्रिसला त्यासाठी ब्राव्हो टीमच्या रेबेकाची मदत लागते.

म्हणजे जिलची ताकद मार खाण्यात नाहीये, ती डोक्यात आणि बोटांत आहे, आणि तुम्ही तिला तशीच खेळवली तरच ती जिंकते. पुढचं सगळं यावरच आहे. कुठल्या झॉम्बीला हात लावायचा, कुठल्याला तसाच सोडून जायचं हे ठरवता आलं की गेम तुमचा.

सुरू करायच्या आधी सेटिंग

डिफिकल्टी नॉर्मल घ्या. अगदीच नवखे असाल, असा गेम आयुष्यात खेळला नसाल तर ईझी घ्या, त्यात काहीही कमीपणा नाही, गोळ्या जास्त मिळतात आणि गोष्ट तीच राहते. हार्ड पहिल्या वेळी अजिबात नको.

स्क्रीन ४:३ वर ठेवा. १६:९ केलं की चित्र वरून-खालून कापलं जातं आणि कॅमेरा वर-खाली सरकत राहतो, मागची दृश्यं मुळात चौकोनी स्क्रीनसाठी केलेली आहेत त्यामुळे ४:३ मध्ये अख्खी खोली एका नजरेत दिसते. बाजूला काळ्या पट्ट्या येतात, पाच मिनिटांत सवय होते.

कंट्रोल दोन प्रकारचे आहेत. एक जुने, ज्यात वर दाबलं की जिल तिच्या तोंडासमोर चालते, आणि एक नवे, ज्यात स्टिक जिकडे तिकडे ती पळते. नव्या लोकांनी नवेच घ्या, झॉम्बीला चुकवणं फार सोपं होतं. फक्त एक लक्षात ठेवा, कॅमेरा बदलला तरी स्टिक सोडू नका, धरून ठेवलीत तोपर्यंत जिल आधीच्याच दिशेने पळत राहते, सोडून परत दाबली की दिशा नव्या कॅमेऱ्याप्रमाणे बदलते, आणि नवखे लोक नेमके याच क्षणी झॉम्बीच्या मिठीत जातात.

डिफेन्स आयटम म्हणजे खंजीर वगैरे वापरायचं सेटिंग ऑटो ठेवा. आणि हेडफोन लावा, प्लीज. कॅमेरा फिक्स असल्यामुळे कोपऱ्यापलीकडे काय आहे ते दिसत नाही पण कण्हणं, पाय ओढत चालणं, कुत्र्याच्या नखांचा टकटक आवाज सगळं ऐकू येतं. यात अजून एक युक्ती, संशय आला की बंदूक रोखायचं बटण दाबा. जवळपास कोणी असेल तर जिल आपोआप त्या दिशेला वळते, तो स्क्रीनवर दिसत नसला तरी. ती कुठे वळली ते बघून तुम्हाला कळतं की धोका कुठल्या बाजूला आहे, आणि गोळी एकही खर्च होत नाही.

पहिला अर्धा तास

डायनिंग हॉलमधून पुढे गेलात की छोट्या कॉरिडॉरमध्ये पहिला झॉम्बी, ब्राव्हो टीमच्या केनेथला खात बसलेला, हळूच मान वळवून बघतो. जगभरात लाखो लोकांनी इथे पहिलं मॅगझिन रिकामं केलंय. तुम्ही करू नका. वळा, डायनिंग हॉलमध्ये परत पळा, बॅरी तिथेच आहे, झॉम्बी मागोमाग येतो आणि बॅरी त्याच्या मॅग्नमने त्याला उडवतो. तुमची गोळी शून्य. मग परत जाऊन केनेथच्या प्रेताजवळ शोधा, पिस्तुलाच्या गोळ्या मिळतात.

थोड्या वेळाने हॉलमध्ये बॅरी तुम्हाला लॉकपिक देतो आणि इथून खरा गेम सुरू. मोठ्या हॉलमध्ये टाइपरायटर आहे, इंक रिबन घालून तिथे सेव्ह करायचं. रिबन मोजक्याच असतात म्हणून लोक घाबरून सेव्हच करत नाहीत आणि तासाभराचं काम घालवतात. नॉर्मलला रिबन पुरेशा मिळतात. नवी किल्ली मिळाली, नवं हत्यार मिळालं, बॉस संपला, सेव्ह करा. दोन-तीन वेगवेगळ्या स्लॉटवर आलटून पालटून करा म्हणजे कुठे वाईट परिस्थितीत सेव्ह झालं तरी मागे जायला जागा राहते.

पिशवीचा हिशोब

आठ स्लॉट जास्त वाटतात पण पिस्तूल, गोळ्या, एक औषध, एक किल्ली म्हणता म्हणता अर्धे भरतात. माझा नियम असा की आयटम बॉक्सपासून निघताना कमीत कमी तीन स्लॉट रिकामे पाहिजेत. एक हत्यार, त्याच्या गोळ्या, एक औषध, लागेल ती किल्ली आणि फार तर एक कोड्याची वस्तू. इंक रिबन कधी सोबत घेऊन हिंडू नका, बॉक्समध्ये ठेवा. सगळे बॉक्स एकमेकांना जोडलेले आहेत, इथे टाकलं ते तिथे मिळतं.

झाडपाला म्हणजे हर्ब्ज मिक्स करायला शिका. हिरवा एकटा थोडंसं भरून काढतो. हिरवा अधिक लाल म्हणजे पूर्ण तब्येत. तीन हिरवे मिळूनही पूर्ण. निळा विषावर. मिक्स केलेलं एकाच स्लॉटमध्ये बसतं त्यामुळे सापडलं की लगेच मिसळा, पण लाल एकटा काहीच कामाचा नाही, तो हिरव्यासाठीच राखून ठेवा. आणि कॉशन पिवळा दिसला की लगेच औषध पिऊ नका, जिल लंगडायला लागली म्हणजे विचार करा.

किल्लीचं काम संपलं की गेम स्वतः विचारतो टाकून देऊ का, तेव्हा बिनधास्त हो म्हणा.

झॉम्बी: मारायचा, चुकवायचा का जाळायचा

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा म्हणून जरा सविस्तर लिहितो, कारण २००२ च्या रिमेकने इथे एक असा डाव टाकलाय की तो माहीत नसेल तर मधल्या टप्प्यात तुमची वाट लागते.

साध्या गेममध्ये झॉम्बी मेला की मेला. इथे तसं नाही. झॉम्बी पाडलात, डोकं शाबूत राहिलं आणि प्रेत जाळलं नाहीत, तर थोड्या वेळाने तोच परत उठतो, लालबुंद, नखं वाढलेली, आणि तुमच्याकडे धावत येतो. क्रिमझन हेड. साधा झॉम्बी चालतो, हा पळतो, आणि जिलची तब्येत मुळात कमी, त्यामुळे दोन फटक्यांत खेळ खलास होऊ शकतो. म्हणजे आरामात सगळे मारून टाकू असं म्हणणारा माणूस स्वतःच्या हाताने घरभर टाइमबॉम्ब पेरत असतो.

यातून सुटायचे मार्ग तीन. पहिला, डोकं उडवणं. पिस्तुलाने कधीमधी नशिबाने उडतं, भरवसा नाही. शॉटगनने मात्र हमखास जमतं, झॉम्बीला अगदी जवळ येऊ द्या, हात लांब करून पकडायला आला की बंदूक वरच्या दिशेने धरून झाडा, एका गोळीत डोकं गायब. पहिल्या वेळी हात थरथरतात कारण तो इतका जवळ यावा लागतो, पण दोन-तीनदा केलं की जमतं. दुसरा, जाळणं. हवेलीत काही ठरावीक जागी रॉकेल आहे, ते कॅन्टीनमध्ये भरायचं, लायटर लागतो. जिलला कॅन्टीन आणि लायटर दोन्ही सोबत ठेवावे लागतात म्हणजे दोन स्लॉट गेले, आणि कॅन्टीन एकदा भरलं की दोनच प्रेतं जळतात. शिवाय रॉकेल अख्ख्या गेममध्ये मर्यादित आहे, तेव्हा ते कुठेही ओतत बसायचं नाही.

तिसरा मार्ग, आणि माझ्या मते जिलचा खरा मार्ग, हात न लावणं. जिवंत झॉम्बी, म्हणजे उभा असलेला, क्रिमझन हेडपेक्षा शंभर पटीने बरा. तो हळू आहे, त्याला चुकवता येतं.

चुकवायचं कसं ते सांगतो. कॉरिडॉरमध्ये झॉम्बी समोर आला की सरळ त्याच्यावर जाऊ नका. आधी एका भिंतीला चिकटून त्याला त्या बाजूला ओढा, तो तुमच्याकडे वळून यायला लागला, हात उचलले, की झटकन दुसऱ्या बाजूने पळा. तो झेप घेतो त्या जागेवर तुम्ही नसता. रुंद कॉरिडॉरमध्ये हे नव्वद टक्के वेळा जमेल, अरुंद वळणावर नाही जमत, तिथे खंजीर कामाला येतो. पकडला गेलात आणि खंजीर असेल तर जिल तो त्याच्या डोक्यात खुपसते आणि सुटते, तब्येतीला धक्का नाही. खंजीर तिथेच जातो, परत मिळत नाही, पण हवेलीत खंजीर बरेच सापडतात तेव्हा ते बॉक्समध्ये साठवून ठेवण्यात काही अर्थ नाही, वापरा. जिलला यासोबत विजेचा झटका देणारी टेझर पण मिळते, तिला बॅटरी लागते.

मग मारायचे आणि जाळायचे कुणाला? नकाशा उघडा आणि स्वतःला विचारा की या कॉरिडॉरमधून मला अजून किती वेळा जायचंय. बॉक्स आणि टाइपरायटर असलेल्या खोल्यांबाहेरचे कॉरिडॉर, पश्चिम आणि पूर्व दोन्ही जिन्यांजवळचा भाग, इथून तुम्ही पन्नासदा जाणार. तिथले झॉम्बी पाडा आणि लगेच जाळा. एखाद्या कोपऱ्यातल्या खोलीत एकदाच जायचंय, आतली वस्तू घेऊन परत कधी येणार नाही, तिथल्या झॉम्बीला नमस्कार करून बाहेर पडा. गोळ्या मोजताना पण हाच हिशोब, एका साध्या झॉम्बीला पिस्तुलाच्या पाच-सहा गोळ्या सहज जातात आणि पाडल्यावर तो क्रिमझन होणार असेल तर त्या पाच गोळ्या खर्चून तुम्ही स्वतःचंच नुकसान विकत घेतलंत.

पडलेला झॉम्बी खरंच मेलाय का ते बघायचं असेल तर त्याच्याखाली रक्ताचं थारोळं पसरतंय का बघा. पसरलं नाही तर तो फक्त पडलाय, जवळून गेलात की पाय पकडेल.

हत्यारं

शॉटगन पूर्वेकडच्या एका खोलीत भिंतीवर टांगलेली दिसते. उचलून बाहेर आलात की शेजारच्या खोलीचं छत खाली यायला लागतं. ख्रिस असता तर त्याला आधी तुटकी शॉटगन शोधून तिच्या जागी टांगावी लागली असती. जिलने मात्र सरळ उचलावी, कारण दरवाजे बंद होऊन छत खाली येत असताना बॅरी येऊन तिला बाहेर काढतो आणि शॉटगन तुमच्याकडेच राहते. त्यामुळे जिलच्या खेळात शॉटगन खूप लवकर हातात येते. लवकर घ्या, पुढचं सगळं सोपं होतं.

ग्रेनेड लाँचर वरच्या मजल्यावर टेरेसवर ब्राव्हो टीमच्या फॉरेस्टच्या प्रेताजवळ आहे. आगीचे गोळे झॉम्बीला मारतातही आणि जाळतातही, एका दगडात दोन पक्षी, रॉकेल वाचतं. अॅसिडचे गोळे मात्र आत्ता बिलकुल वापरू नका, पुढे हंटर नावाचे उड्या मारणारे राक्षस येतील तेव्हा त्यांच्यासाठी ठेवा. सुरुवातीच्या टप्प्यात लाँचर बॉक्समध्येच बरा.

नकाशा आणि कोडी, कुठल्या क्रमाने

हवेलीच्या किल्ल्या चार आहेत: तलवार, चिलखत, ढाल, शिरस्त्राण. प्रत्येक किल्ली ठरावीक दरवाज्यांची. नकाशावर खोली लाल म्हणजे आत अजून काहीतरी घ्यायचं बाकी आहे, हिरवी म्हणजे संपलं. ही एक गोष्ट कळली तरी निम्मा भटकणारा वेळ वाचतो. अडकलात की लाल खोल्यांची यादी काढा, तुमचं उत्तर त्यातच कुठेतरी आहे.

सुरुवातीला सोनेरी बाण मिळतो. तो मेनूमध्ये उघडून फिरवून बघा, टोक वेगळं निघतं. मोठ्या हॉलच्या जिन्यामागे छोटं स्मशान आहे, तिथल्या थडग्याच्या दगडात ते टोक बसवलं की खाली तळघर उघडतं. आत एक पुस्तक आहे, तेही उलटून मागच्या बाजूने तपासा, तलवारीची किल्ली त्यातच. वस्तू फिरवून बघायची सवय लावून घ्या, या गेममध्ये निम्मी कोडी तिथेच सुटतात. कुत्र्याच्या पट्ट्याचं पण तसंच. वरच्या टेरेसवर शिट्टी वाजवली की पट्टा घातलेला कुत्रा येतो, पट्टा तपासला की नकली किल्ली मिळते, ती ठेवून खरी चिलखताची किल्ली उचलायची, म्हणजे सापळा चालू होत नाही.

डायनिंग हॉलमधल्या शेकोटीवर लाकडी चिन्ह आहे. बारमध्ये पियानो आहे, जिलने मूनलाइट सोनाटा वाजवला की गुप्त खोली उघडते, पण त्याआधी नोटेशनची सुटलेली पानं शोधून जोडायला लागतात. आत सोन्याचं चिन्ह. ते उचललं तर बाहेर पडायचा रस्ता बंद होतो, म्हणून लाकडी चिन्ह सोबत घेऊन जायचं, अदलाबदल करायची आणि सोन्याचं आणून डायनिंग हॉलमध्ये लावायचं. मग तिथल्या घड्याळाचं कोडं आणि ढालीची किल्ली.

गेममध्ये पडलेले कागद, डायऱ्या, पत्रं सगळी वाचा. मराठी सोडाच, हिंदीत पण सबटायटल नाहीत, सगळं इंग्रजीत आहे, पण वाचताना गेम थांबलेला असतो, कोणी अंगावर येत नाही, तेव्हा डिक्शनरी उघडून सावकाश वाचलंत तरी चालतं. कोड्यांची उत्तरं त्या कागदांत असतातच आणि या जागेत काय घडलं ते पण.

हवेलीतून बाहेर पडायला शेवटी चार मुखवटे गोळा करून तळघरात ठेवायचे असतात. साखळ्यांनी टांगलेली शवपेटी आहे, प्रत्येक मुखवट्याला एक साखळी सुटते. चौथा ठेवायच्या आधी वर जाऊन सेव्ह करा, लाँचर आणि आगीचे गोळे घ्या, पूर्ण बरं करणारं एक औषध घ्या, कारण पेटी खाली पडली की आत असलेला पहिला क्रिमझन हेड उठतो आणि तुमचा बाहेरचा रस्ता बंद असतो.

रिचर्ड आणि साप

इथे थोडा स्पॉयलर आहे, नको असेल तर पुढच्या भागावर जा.

पूर्वेकडे वरच्या मजल्यावर ब्राव्हो टीमचा रिचर्ड विषबाधा होऊन पडलेला सापडतो. सीरम पश्चिमेकडच्या जिन्याजवळच्या औषधांच्या खोलीत आहे, म्हणजे हवेलीच्या दुसऱ्या टोकाला. त्याच्याकडे वेळ कमी आहे, रमत-गमत गेलात तर मरतो. म्हणून पूर्वेकडे वर जायच्या आधीच मधला रस्ता मोकळा करून ठेवा. जिलने त्याला वाचवलं तर पुढे माळ्यावर यॉन नावाच्या राक्षसी सापाशी गाठ पडते तेव्हा रिचर्ड तिला ढकलून वाचवतो आणि स्वतः गिळला जातो. त्याची असॉल्ट शॉटगन तुम्हाला मिळते. मला हा प्रसंग अख्ख्या गेममध्ये सगळ्यात जास्त लागतो, कारण तुम्ही धावपळ करून वाचवलेला माणूस तुमच्यासाठीच जातो.

सापाला माळ्यावर मारायची गरज नाही. मुखवटा घ्या, खांबांच्या आडून फिरा आणि बाहेर पडा. तो नंतर लायब्ररीत परत भेटणारच आहे, गोळ्या तेव्हा लागतील.

बाहेर, लिसा आणि गेस्टहाऊस

अंगणापलीकडे जंगलातल्या झोपडीत लिसा ट्रेव्हर भेटते. हवेली बांधणाऱ्या जॉर्ज ट्रेव्हरची मुलगी, लहानपणापासून तिच्यावर प्रयोग केलेत. ती मरत नाही. लाँचर नाही, शॉटगन नाही, काहीच चालत नाही. झोपडीतला क्रँक (फिरवायचा दांडा) घ्या आणि पळा. तिच्याबद्दलचे कागद आवर्जून वाचा, या गेममधला खरा राक्षस कोण ते तिथे कळतं.

गेस्टहाऊसचा भाग मला तुलनेने सोपा वाटतो. मोठे कोळी, पाण्यातला शार्क, आणि प्लँट ४२ नावाची राक्षसी वेल. केमिकल मिसळून व्ही-जोल्ट बनवता येतं आणि मुळांवर टाकलं की वेल कमजोर पडते. बाटल्यांवर नंबर आहेत, दोन मिसळल्या की नंबरांची बेरीज होते, एवढं लक्षात ठेवून भिंतीवरची आणि कागदावरची सूचना वाचा, जमेल.

परत हवेलीत, आता हंटर

गेस्टहाऊसहून हवेलीत परतलात की कॅमेरा अचानक कोणाच्या तरी डोळ्यांतून धावत येतो. हंटर आले. आता तुम्ही आधी काय केलंत त्याचा हिशोब होतो. जे कॉरिडॉर तुम्ही जाळून साफ केले तिथे तुम्हाला एकाच वेळी एकच शत्रू, आणि जिथे प्रेतं तशीच सोडली तिथे हंटर पण आणि क्रिमझन हेड पण.

हंटर उडी मारून मान उडवतो, तब्येत कमी असेल तर एका फटक्यात. म्हणून या टप्प्यात कॉशनमध्ये फिरायचं नाही, पहिले दिलेला सल्ला इथे उलटा. राखून ठेवलेले अॅसिडचे गोळे आता काढा, हंटरवर ते सगळ्यात चांगले चालतात. शॉटगन पण चालते, पण जवळ येऊ देऊ नका. दरवाजा उघडला आणि समोर हंटर दिसला, तुम्हाला तिथे काही खास काम नाही, तर मागे फिरून दुसऱ्या रस्त्याने जा. इथे पण तोच नियम, ज्याच्याशी काम नाही त्याच्याशी भांडण नाही.

बॅरी आणि ख्रिस, दोघांनाही वाचवायचं असेल तर

पुन्हा स्पॉयलर. जिलचा चांगला शेवट म्हणजे ती, बॅरी आणि ख्रिस तिघंही हेलिकॉप्टरमध्ये.

बॅरी पूर्ण गेमभर विचित्र वागतो. लिसाशी शेवटची गाठ पडते त्या जागी तो जिलवर बंदूक रोखतो आणि जिल ती त्याच्याकडून काढून घेते. तेवढ्यात लिसा येते आणि गेम विचारतो बंदूक परत द्यायची का. द्या. नाही दिलीत तर तो तिथेच जातो. जिल इथे ज्या माणसाने तिचा घात केला त्याच्यावर विश्वास ठेवते, आणि हा निर्णय गेम तुमच्या हातात देतो, यासाठी मी मिकामींना मानतो. मग लढाईत लिसाला गोळ्या मारून संपवायचा प्रयत्न नको, चार कोपऱ्यांतले चार दगड ढकलून खाली पाडायचे. दगड ढकलायला वेळ लागतो, म्हणून आधी तिला लांबच्या बाजूला ओढून न्यायचं, वळसा घालून पळत यायचं आणि ढकलायचं.

ख्रिससाठी तीन एमओ डिस्क लागतात, त्या वाटेत सापडतात आणि हवेलीखालच्या लॅबमधल्या मशीनमध्ये वापरायच्या असतात, तेव्हाच त्याच्या कोठडीचं कुलूप उघडतं. एकही मागे सोडून लॅबमध्ये उतरू नका. नकाशावर लाल राहिलेल्या खोल्या इथे परत एकदा तपासा.

टायरंट या शेवटच्या राक्षसाशी लॅबमध्ये लढताना गोल फिरत राहा, तो हात मागे घेतो तेव्हा बाजूला व्हा, मारा, परत पळा. नंतर हेलिपॅडवर तो पुन्हा येतो. तिथे वेळ काढायचा असतो, जिवंत राहायचं असतं, थोड्या वेळाने वरून ब्रॅड रॉकेट लाँचर टाकतो, तो उचला आणि संपवा. म्हणून त्या आधी औषधं बॉक्समधून काढून जवळ ठेवा, आता साठवायला पुढे काही नाही.

नंतर काय

पाच तासांच्या आत नॉर्मलवर संपवलात तर अमर्याद गोळ्यांची सामुराय एज पिस्तूल मिळते, तीन तासांच्या आत तर रॉकेट लाँचर. पहिल्या वेळी हे होणार नाही आणि व्हायची गरजही नाही, पण दुसऱ्यांदा खेळताना बघा, रस्ता पाठ झाला की वेळ निम्म्यावर येतो. रियल सर्व्हायव्हल नावाचा मोड उघडतो त्यात आयटम बॉक्स एकमेकांना जोडलेले नसतात, म्हणजे जिथे ठेवलं तिथेच ते राहतं, आणि आपोआप नेम पण धरत नाही. जिलच्या आठ स्लॉटची किंमत काय ते तिथे कळतं.

जिल पुढे कुठे भेटेल तर रेसिडेंट इव्हिल ३ मध्ये, मूळ १९९९ चा आणि रिमेक २०२० चा, नेमेसिस नावाचा राक्षस तिच्या मागे लागतो तो. दोन्ही वेगळे आहेत, जमलं तर जुना आधी खेळा कारण शहरातून पळताना क्षणात निर्णय घ्यायची मजा त्यात जास्त आहे. मग रेव्हिलेशन्स, २०१२ चा, समुद्रातल्या जहाजावर, त्यात ती जास्त अनुभवी वाटते आणि गोळ्याही जास्त मिळतात. पाचव्या भागाच्या लॉस्ट इन नाइटमेअर्स या छोट्या जोडभागात ती ख्रिसबरोबर पुन्हा एका हवेलीत शिरते. तो मात्र सगळ्यात शेवटी खेळा, स्पेन्सर मॅन्शनचे कॉरिडॉर तोंडपाठ झाल्यावर.